दावणीला बांधलेला जनरेटर

पंखा बंद पडायच्या आधी एक आवाज करतो. लाईट गेली हे पंखा थांबल्यावर कळतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. आधी त्याच्या फिरण्यातला जोर जातो, पाती हवेला नुसती चाटत राहतात, आणि मग एकेक पातं वेगळं दिसायला लागतं. वैशाखात दुपारी तीनच्या पुढं आभाळ तांबडं झालं, वारा सुटला, पत्रे वाजायला लागले की मी अजून वर बघत बसतो. पातं दिसलं की माझे पाय आपोआप खाली येतात. उठतो, दोन पावलं टाकतो, आणि मग ध्यानात येतं की आता कुठं जायचं नाही. लाईट गेली तर गेली. घरात मी एकटाच. मला माझी हवा घेता येते.

महानंदा, माझी बायको, गेल्यापासूनचा हा दुसरा उन्हाळा. लोक देवाघरी गेली म्हणतात, सोडून गेली म्हणतात. मला तसलं बोलता येत नाही. ती मेली आणि मी राहिलो. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची सगळी उमर देवणी-उदगीरकडं बैलांच्या बाजारात दलाली करण्यात गेली. गोड बोलायचं ते बैल खपवताना, एरवी नाही. पण तिच्याबद्दल लिहायला बसलो की पेन हलकं चालतं. का, ते मला माहीत नाही.

परवा पलीकडच्या गल्लीतले एक मास्तर आले. त्यांच्या वडिलांना घरीच ऑक्सिजन लावायला सांगितलंय, तर कोणता जनरेटर घ्यावा, असं विचारत होते. पूर्वी लोक बैल घ्यायला मला सोबत न्यायचे, आता जनरेटर घ्यायला विचारतात. निलंग्याहून एक जण आला होता, मुदखेडहून एकाचा फोन. मी मास्तरांना माठातलं पाणी दिलं आणि म्हटलं, पेट्रोल-गॅस मागून बघू, आधी त्याच्यात तेल आहे का बघा. मास्तर हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय.

महानंदा मेली त्या वर्षी फाल्गुनात तिला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिचा भाऊ मुदखेडला, तिथून डबा यायचा. दहा-बारा दिवसांनी डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की छाती आतून जुन्या फडक्यासारखी झालीय, ती काही पुन्हा शिवता येणार नाही. घरी न्या, पण ही ऑक्सिजनची मशीन दिवसरात्र चालली पाहिजे. किती दिवस, असं मी विचारलं. तो म्हणाला, मशीन चालेल तितके चांगले जातील.

मशीन विजेवर चालते. आणि आमची वीज कशावर चालते ते आम्हालाच माहीत नाही.

बसू, म्हणजे बसवराज, आमचा एकुलता एक. पुण्याला नोकरी. त्याच्या इमारतीत लाईट गेली तर दिव्याला डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. त्यानं सरळ सांगितलं की अव्वाला, म्हणजे आईला, पुण्याला नेतो. बोलणं चुकीचं नव्हतं. पण ती पलंगावर उठून बसली, नाकातली नळी नीट केली आणि म्हणाली, "मला मरायला नवं घर नको."

आमच्यात ती असं बोलायची आणि मी असं ऐकायचो. माझ्यापेक्षाही तिला आडपडदा नव्हता. उदगीरच्या कडेला हे घर बांधून आम्हाला वीस वर्षं झाली होती. अंगणात लिंब, मागं एक गोठा, गोठ्यात आता जनावर नाही. सकाळी लिंबाखाली बसून ती शेंगा फोडायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कुठं चाललास म्हणून विचारायची. पुण्यात तेराव्या मजल्यावरून कुणाला विचारणार?

बसूनं मग मला बाजूला घेतलं. म्हणाला, "अप्पा, लाईटचं पक्कं करा. एकदा जरी चुकलं तर मी गाडी घेऊन येणार. मग तुमचं ऐकणार नाही, तिचंबी नाही."

मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत मी हजारो बैल पारखले, एक जनरेटर पारखता येणार नाही? असं वाटलं मला.

इन्व्हर्टर घरात होता. पण ती मशीन जोडली की तो दोन तासांत टीं टीं करून मान टाकायचा. आमच्याकडं वैशाखातल्या वाऱ्यानं एक खांब आडवा झाला की आज दुपारी गेलेली लाईट उद्या दुपारी येते. म्हणून जनरेटर.

लातूरला दोन दुकानं बघितली. पहिल्यानं मोठंच धूड दाखवलं, म्हणाला ह्याच्यावर एसीसुद्धा चालतो. मी म्हटलं, आम्ही एसीत बसणारी माणसं नव्हं, मला एका बाईचा श्वास चालवायचाय.  मोठ्या यंत्राला खायलाही जास्त लागतं. चार माणसांच्या घरी कुणी नांगराचे सहा बैल बांधत नाही. दुसऱ्या दुकानातला साधा पेट्रोलचा होता, पण सुरू केला तर कानठळ्या बसल्या. आवाज करणारा बैल मी कधी घेतला नाही. ओझं न ओढता धापा टाकतो तो आतून पोकळ असतो.

नांदेडला पाहिजे तसा मिळाला. दोन्हीवर चालणारा, पेट्रोलवर आणि गॅसवरही, समोरची एक खिटी फिरवायची. हलका, दोन चाकं, धरायला दांडी. आवाज भिंतीपलीकडं गिरणी चालल्यासारखा, त्याहून जास्त नाही. अंग पांढरं आणि तोंड काळं. आमच्या देवणी बैलात पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा असतो त्याला वानेरा म्हणतात. मी बघताक्षणीच ओळखला.

दुकानदार त्याची ताकद सांगायला लागला, इतके वॅट, तितके वॅट. मी म्हटलं, सांगू नका, ओढून दाखवा. बैल घेताना आम्ही गाडी आपली नेतो, विकणाऱ्याची घेत नाही. तसा मी मेव्हण्याच्या घरून एक उभा पंखा, एक इस्त्री आणि त्याच्या बायकोचं मिक्सर पिशवीत घालून नेलं होतं. सगळं एकदम लावायला लावलं. मिक्सर फिरलं तेव्हा जनरेटर जरा वाकला, घसा खाकरला आणि पुन्हा सरळ झाला. मग खिटी गॅसकडं फिरवून तेच करायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, गॅसवर जोर थोडा कमी लागतो काका, म्हणून गरजेपेक्षा जरा जास्त ताकदीचा घ्यावा. हे त्यानं खरं सांगितलं, म्हणून तो मला आवडला. खोड आधी सांगणारा माणूस बाजारात फार मिळत नाही.

भाव करायला मी सवयीनं खांद्यावरचा पंचा त्याच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरायला गेलो. बाजारात आम्ही तसाच भाव करतो, पंच्याखाली, चार लोकांना कळू नये म्हणून. तो दचकला आणि हात मागं घेतला. माझा मेव्हणा इतका हसला की त्याला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मग प्रश्न आला, जास्त करून कशावर चालवणार, पेट्रोल की गॅस? मी पेट्रोल म्हणणार होतो. पेट्रोल पंप आपल्या रस्त्यावर. तेवढ्यात मेव्हण्यानं दवाखान्यात तिला फोन लावून विचारलं आणि स्पीकर चालू केला. ती म्हणाली, "पेट्रोलचा वास मला सोसंना. गॅस घ्या. गॅसला तुमी आता तरी न्हाई म्हणू नका."

दुकानातल्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

लग्न झालं तेव्हा आमच्या घरी चूल होती, सगळ्यांच्याच घरी होती. पुढं गल्लीत एकेका घरी गॅस आला. आमच्या घरी मी येऊ दिला नाही. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणायचो. नुसता म्हणायचो नाही, एकदा शेजारणीनं तिच्या गॅसवर भाजून आणलेली भाकरी ताटातून बाजूला सारली होती. तुराट्या, पळकाट्या, शेणाच्या गोवऱ्या. पावसाळ्यात ओल्या गोवऱ्यांचा धूर दारातूनही जायचा नाही, तिथंच फिरायचा. ती गुडघ्यावर बसून फुंकणीनं फुंकायची, डोळे पुसायची, पुन्हा फुंकायची. मी बाहेर बाजेवर बसून भाकरीची वाट बघायचो. तेवीस वर्षं. बसूला नोकरी लागली तेव्हा त्यानं मला न विचारता शेगडी आणून ठेवली. त्या रात्री भाकरी खाताना मला चवीत काही फरक कळला नाही. तोंडानं मी ते कबूल केलं नाही.

डॉक्टरनं छातीचं कारण विचारलं होतं. घरात कुणी विडी ओढतं का? मी नाही म्हणालो. चूल होती का? मी खाली बघितलं. ती म्हणाली, चूल सगळ्यांच्याच घरी व्हती डॉक्टर, सगळ्या कुठं आजारी पडल्या. तिनं मला तसं वाचवलं. मी ते विसरलो नाही.

तर गॅस. घरचा लाल सिलेंडर ह्याला चालत नाही, तो सैपाकाचा. दुकानाला असतो तसला निळा रीतसर घ्यावा लागला. पेट्रोल टाकीत पडून राहिलं की खराब होतं, इंजिनाच्या बारीक भोकात चिकटतं, मग ऐन वेळी दगा. गॅस सहा महिने ठेवा, आहे तसाच. तिनं नाकावरून निवड केली होती, पण निवड बरोबर होती. मास्तरांना मी हे सगळं सांगितलं. गॅस कुणाच्या शब्दावर घेतला ते सांगितलं नाही.

चैत्रात ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोनं जनरेटर आला, खोक्यात बंद. दारात उतरवला तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली. मशीन आत, नळी लांब. ती नळी पुरेल तिथवर घरात फिरायची. नळी ताणली की थांबायची. म्हणायची, मलाबी दावं लावलंय की हो. उंबरा म्हणजे तिच्या दाव्याचं टोक. तिथं खुर्चीवर बसून तिनं तांब्याभर पाणी मागितलं.

नवं जनावर दारात आलं की घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते. तिनं जनरेटरच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं. आम्ही विभूती लावणारी माणसं. तिनं तीन बोटं भस्मात बुडवून त्याच्या काळ्या तोंडावर ओढली. मग म्हणाली, पाच दिवस कामाला लावू नका, नवीन हाय, रुळू द्या. आम्ही बैलालाही तसंच करायचो. नव्या बैलाला पाच दिवस वैरण-पाणी द्यायचं, अंगावरून हात फिरवायचा, जू लावायचं नाही. परक्या गोठ्यातून आलेलं जनावर आधी वास ओळखतं, आवाज ओळखतं, मग ओढतं. मला त्यात काही चूक वाटली नाही. उलट बरं वाटलं. गोठ्यात, जिथं आमची शेवटची जोडी बांधत होतो त्या दावणीच्या खुंट्याला मी त्याला साखळीनं बांधला, चोरीच्या भीतीनं. वर एक जुनं पोतं टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला.

पातं दिसलं. लाईट गेली. इन्व्हर्टर होता म्हणून मशीन चालू राहिली. मी निवांत होतो. तासाभरानं बातमी आली की माळावर दोन खांब पडलेत. तेव्हा मी गोठ्यात गेलो, पोतं काढलं, पहिल्यांदा सुरू करायला म्हणून थोडं पेट्रोल घातलं, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खिटी गॅसवर केली, ओढली. पुन्हा पेट्रोलवर. फक्त दोरीचा खर्र आवाज आणि मग शांत. नांदेडच्या दुकानात पहिल्या झटक्यात सुरू झालेलं जनावर माझ्या गोठ्यात आडवं पडलं होतं. किती वेळा ओढली सांगता येत नाही. हाताची साल गेली. आतून इन्व्हर्टरची टीं टीं सुरू झाली, मग तीही थांबली. आणि मशीन थांबली.

मशीन थांबली की काय होतं ते मास्तरांना मी नीट सांगितलं, कारण ते कुणी सांगत नाही. घर इतकं गप्प होतं की माणसाचा श्वास ऐकू येतो. दवाखान्यानं एक छोटा लोखंडी सिलेंडर दिला होता, अडीअडचणीला. तो मी लावला. त्याच्यात दोन-तीन तासांचं असेल. मग पुन्हा गोठ्यात. मी ओढत होतो, आणि मागं वळलो तर ती घराच्या मागच्या दारात. लोखंडी सिलेंडर खुर्चीला टेकवून, नळी हातात धरून, तिथवर आलेली. ओठ निळसर. माझ्याकडं बघून म्हणाली, "बसा जरा. तुमाला दम लागलाय."

मी बसलो. तिथंच, दावणीच्या दगडावर. म्हाताऱ्या माणसानं रडू नये असं काही नाही, पण मी रडलो नाही. मला लाज वाटत होती. रडायला लाजेच्या पुढं जावं लागतं.

युनूसभाईला फोन केला. मोटारी बांधायचं त्याचं दुकान स्टेशनकडं, माझ्या विहिरीच्या मोटारीपासूनची ओळख. दिवेलागणीला तो स्कूटरवर आला, बॅटरी तोंडात धरली, खाली बसला, एक काळं बूच फिरवून काढलं. त्याला चिकटलेली पट्टी पुसून माझ्यासमोर धरली. कोरडी ठक.

म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात तेलाचा थेंब न्हाई. तेल नसलं की ह्यो सुरूच व्हत न्हाई. शहाणं हाय बिचारं, स्वतःला जाळून घेत न्हाई."

दुकानात जो चालवून बघितला तो मांडलेला होता. घरी आला तो गोदामातला, खोक्यातला, कोरडा. ते कंपनीतून तसेच येतात म्हणे, तेल आपण घालायचं. दुकानदारानं सांगितलंही होतं, मेव्हण्याला आठवतंय. मी तेव्हा पंच्याच्या गमतीत होतो. आमच्या बाजारात जो बैल चालवला तोच घरी येतो. त्याच्यासारखा दुसरा येत नाही. आयुष्यभर मी लोकांना शिव्या घातल्या, की अरे, दावणीला बांधायच्या आधी तोंड उघडून दात बघा. आणि मी ह्याचं तोंड उघडलं नाही. चार दिवस अंगावरून हात तेवढा फिरवला.

युनूसभाईनं डिकीतनं तेलाचा डबा काढला, घातलं, दोरी एकदा ओढली. सुरू झाला. पेट्रोलचा धूर वाऱ्यानं दारात आला तशी ती खोकायला लागली. त्यानं खिटी फिरवली. इंजिन क्षणभर अडखळलं आणि मग मऊ चालायला लागलं. धूर नाही, वास नाही. आत मशीन घुरघुरायला लागली. तिच्या ओठांचा रंग परत यायला वेळ लागला, पण आला. तिनं गोठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळूच म्हणाली, "आला व्हय तुमचा गॅस."

तेवीस वर्षांचं एवढंच बोलली.

बसूला मी स्वतः सांगितलं. लपवायचं नव्हतं. तो तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. भांडला नाही, ते जास्त वाईट. तिची पिशवी भरली, औषधं भरली, पिशवी डिकीत ठेवली. मला म्हणाला की तुम्हीही चला.   ती खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटी म्हणाली की दोन दिवस थांब. ह्या दोन दिवसांत लाईट गेली आणि ह्यांनी मला धाप लागू दिली तर मी स्वतःच्या पायानं गाडीत बसते. नाहीतर पिशवी परत आण.

बसू थांबला. तो दलालाचाच पोरगा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलो होतो, आणि तो हात धुवायला म्हणून उठला तो सरळ मीटरकडं गेला आणि त्यानं मेन बटण पाडलं. इन्व्हर्टरची वायर आधीच काढून ठेवलेली. न सांगता. बाजारात आम्ही बैलाच्या मागं अचानक घोंगडी झटकतो, बुजतो का बघायला, तसं.

मशीननं चिरका आवाज काढला. मी ताट सरकवलं. घाई केली नाही. गोठ्यात गेलो, पट्टी काढून तेल बघितलं, सिलेंडर उघडला, खिटी बघितली, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला लागला. वायर जोडली. आत आलो तर ती घास चावत होती. तोंडातला घास संपलेलाही नव्हता.

 मग बसू गोठ्यात गेला, आणि साखळी सोडून जनरेटर ओढत लांब, परसाच्या टोकाला नेला. म्हणाला, "खिडकीच्या इतक्या जवळ नको अप्पा. वास न्हाई आला तरी ह्याचा धूर माणूस मारतो." त्यानं तिथं पत्र्याचं छप्पर केलं, चारी बाजूनं मोकळं. वायर मोठी आणली. संध्याकाळी पिशवी परत आत आणून खुंटीला टांगली. ती म्हणाली की मीठ जरा जास्त पडलं होतं सकाळी सुशील्यात. 

तो उन्हाळा मी ह्या घरात राहिलो, म्हणजे खरोखर राहिलो. पन्नास वर्षांच्या संसारात मी घरी किती होतो? आज देवणीचा बाजार, उद्या उदगीरचा, परवा सीमेपलीकडं कानडी मुलखात. बैलांबरोबर जास्त राहिलो. त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या नळीच्या अंतरात राहिलो. सकाळी तेलाची पट्टी बघायची, मग तिची वेणी घालायची. वेणी मला येत नव्हती. बैलाच्या कासऱ्याला तीन पदरी पीळ घालतो तसा घातला. ती म्हणाली, शेपूट केलंय. तरी तेच ठेवायची दिवसभर.

दुपारी लाईट जायची. मी परसात जाऊन दोरी ओढायचो. गल्लीतल्या बाया मोबाईल घेऊन यायच्या, चार्जिंगला. तिच्याभोवती बसायच्या. त्यांना ती वानेऱ्याचे गुण सांगायची, जसं काही तिनं माहेराहून आणला. कुणीतरी कैऱ्या आणायचं, त्यांचा वास, मशीनचा गरम प्लास्टिकचा वास, माठाच्या ओल्या फडक्याचा वास. झोपेत ती मधेच डोळे उघडायची. मी म्हटलं, आवाजानं जाग येते का, अजून लांब नेऊ का त्याला? म्हणाली, नको. तो ऐकू आला की तुमी घरी हाव हे कळतं.

माझ्या बाजारातल्या उमरीत ती कान कशाला लावून झोपत असेल, असा विचार तेव्हा पहिल्यांदा आला. उशिरा आला.

आषाढ लागून चार दिवस झाले होते. पहाटेपासून झड होती, सकाळी सातला लाईट गेली, मी वानेरा सुरू केला. बसू आणि सून आधीच आलेले, कारण दोन दिवसांपासून ती फार बोलत नव्हती. सुनेनं चहा पाजला, दोन चमचे. मग महानंदानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं काही सांगेल. तिनं माझा हात धरला, तळहात उलटा केला, आणि दोरीनं साल गेलेली जागा होती तिथं बोट फिरवलं. जखम कधीच भरली होती. फिरवत राहिली. मग बोट थांबलं.

मशीन चालूच होती. मशीनला कळत नाही.

बसू रडला, सून रडली. कुणीतरी नळी काढली. शेजारचे आले, विधीसाठी स्वामींना बोलवायला माणूस गेला. बसू मला म्हणाला, "अप्पा, बंद करून येऊ का मी?" म्हटलं, नको. मी सुरू केलाय, मीच करतो.

परसात चिखल झाला होता. पेट्रोलवर असता तर बटण दाबलं की संपलं. गॅसचं तसं करत नाहीत. आधी सिलेंडरचा कॉक बंद करायचा, मग इंजिन नळीत उरलेला गॅस खाऊन आपसूक थांबतं. मी कॉक फिरवला. इंजिन चालू राहिलं. अगदी होतं तसंच, काही झालं नसल्यासारखं. मी छपराखाली त्याच्यावर हात ठेवून उभा होतो. गरम होतं, अंग थरथरत होतं. मग थरथर बारीक झाली, एकदा अडकलं, पुन्हा चाललं, आणि थांबलं.

तेव्हा मला पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला. लाईट केव्हाची आली होती.